जुन्या पणजीतील मधुचंद्राचा मुक्काम

लग्नसमारंभ आटोपला, सत्यनारायणाची पूजा झाली, कुलदैवताचे दर्शन घडले, की नवदांपत्याने चार दिवस परगावी जाऊन यावे, हा शिरस्ता आपल्या मध्यमवर्गात आता चांगलाच रुळला आहे. पूर्वी ही जोडपी महाबळेश्वर-माथेरानची वाट धरीत. पुढे गोव्याचे समुद्रकिनारे त्यांना साद घालू लागले. परंतु किनाऱ्यावरच्या भव्य हॉटेलाऐवजी पणजी शहरातील जुन्या वस्तीत, एखाद्या पुरातन घराची डागडुजी करून थाटलेल्या मोजक्या खोल्यांच्या बुटिक हॉटेलात मुक्काम करण्याची जी सोय आज उपलब्ध आहे, तिचा नवविवाहितांनी अवश्य विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

अशा हॉटेलांची प्रथा आधुनिक आहे. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली उघडलेले आणि आंद्रे पुतमान या फ्रेंच रचनाकार विदुषीने सजविलेले मॉर्गन्स हॉटेल हे तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक. मोठ्या साखळी हॉटेलात कोणत्याही शहरी गेले तरी खोली तीच. येथे मात्र प्रत्येक वास्तूला आपले स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असते. आपल्याकडे वाडे, हवेल्या आणि जुनी घरे आयतीच उभी असल्यामुळे ही कल्पना सहज रुजली.

पणजीचा फोंतेन्हास हा भाग आल्तिनोची टेकडी आणि उरेमची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसला आहे. मोझांबिकमध्ये धन मिळविलेल्या आंतोनियु जुआंव द सिक्वेरा नामक गोमंतकीयाने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे वस्तीचा पाया घातला, असे सांगतात. 1843 मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाल्यावर शहराचा पसारा वाढला आणि या आळीलाही बरकत आली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या रंगांच्या भिंती, लाल कौले आणि रस्त्यावर झुकलेले सज्जे ही या घरांची ओळख. शुभ्र रंग मात्र पोर्तुगीज अमदानीत चर्चसाठी राखून ठेवलेला असे.

या जुन्या घरांतील काही खिडक्यांना अद्यापि काचेऐवजी शिंपले आहेत. पातळ, पारभासक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसविलेले असतात. त्यांतून भर दुपारचे ऊनही शीतल, दुधाळ होऊन खोलीत उतरते, आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. एकांत आणि प्रकाश यांची अशी एकत्र तजवीज नवपरिणीतांना दुसरीकडे क्वचितच लाभेल. सकाळी गल्लीत पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो. त्याच्या टोपलीतला गरम पाव घ्यायला शेजारच्या गृहिणींबरोबर आपणही दारात उभे राहावे. पुढे पायीच निघून मळा या भागातल्या मारुतीचे दर्शन घ्यावे, आदिलशहाच्या जुन्या वाड्यावरून मांडवीच्या काठाने संध्याकाळी फिरावे. मोठ्या कुटुंबात किंवा शहरातल्या दोन खोल्यांच्या संसारात दोघांना निवांत बोलायला सवड मिळत नाही. ती अशा पायपिटीत आपसूक मिळते.

तथापि खोली नक्की करण्यापूर्वी काही चौकशी केलेली बरी. जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असे नाही, जिने उभे असतात, लाकडी जमीन पावलागणिक करकरते आणि गाडी दारापर्यंत जाईल याचा भरवसा नसतो. दोघांचीही मूळ ओळखपत्रे जवळ असावीत. नववधूच्या ओळखपत्रावर माहेरचे नाव असले म्हणून काही अडत नाही. डिसेंबरअखेरची गर्दी टाळता आली तर उत्तम. पावसाळ्यात दर उतरलेले असतात आणि धुतलेल्या भिंतींचे रंगही खुलून दिसतात.

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फोंतेन्हास हे प्रदर्शन नव्हे. तेथे माणसे राहतात, आजारी पडतात, दुपारी विश्रांती घेतात. त्यांच्या उंबऱ्यावर छायाचित्रांसाठी ठाण मांडणाऱ्यांना कंटाळून अनेक रहिवाशांनी मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. गृहस्थाश्रमात पदार्पण करणाऱ्या जोडप्याने त्या पाट्यांचा मान राखावा, दारातल्या वृद्धाला नमस्कार करावा, आवाज आवरता ठेवावा. चांगला शेजारी होण्याचा पहिला धडा मधुचंद्राच्या मुक्कामातच गिरवला, तर तो पुढे जन्मभर उपयोगी पडेल.