कोण आहे ते दिसू दे

टेक्सासमधल्या घरात रात्री दोन वाजता जिन्यात पाऊल वाजलं, तर ते बहुधा घरातल्याच कुणाचं तरी असतं. पाणी प्यायला उठलेला मुलगा असतो, उशिराची पाळी संपवून परतलेली मुलगी असते, नाहीतर दोनच दिवसांपूर्वी पुण्याहून आलेली आणि रात्रीचा दिवस झाल्यामुळे झोप न लागणारी आजी असते. ज्या घरात पलंगाजवळच्या तिजोरीत भरलेलं पिस्तूल आहे, तिथे हेच पाऊल जिवावर बेतू शकतं. म्हणून पिस्तुलाच्या नळीखाली बसवायच्या छोट्या दिव्याला मी चैनीची वस्तू मानत नाही. अंधारात शस्त्र हातात घ्यायची वेळ येणार असेल, तर समोर कोण आहे हे कळायची सोय त्याच्याही आधी हवी.

ताई आणि भाऊजी डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतात. त्यांच्या गल्लीत घरफोड्या झाल्या आणि भाऊजींनी ग्लॉक १७ घेतलं. भारतात शस्त्राच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. टेक्सासमध्ये दुकानात बसून एक फेडरल फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून नाव तपासून घेतो, आणि बहुतेक वेळा माणूस त्याच दिवशी पिस्तूल घेऊन घरी जातो. इतक्या सहज घरी आलेल्या वस्तूचं काय करायचं, हे मग घरच्यांनाच ठरवावं लागतं. ताईने भाऊजींना एकच प्रश्न विचारला. "बाहेर आपला पोरगा उभा आहे की चोर, हे तुम्हाला अंधारात कसं कळणार, तेवढं सांगा." भाऊजींकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नापायीच आम्ही दोघं दिव्याच्या मागे लागलो.

दुकानात काचेखाली दिव्यांची रांग असते आणि प्रत्येक खोक्यावर ल्युमेनचा आकडा ठळक छापलेला असतो. गिऱ्हाईक तेवढाच वाचतं. खरं तर दोन आकडे शेजारीशेजारी धरून बघावे लागतात. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते ल्युमेन सांगतात, आणि झोताच्या मध्यभागी तो किती एकवटला आहे ते कँडेला सांगतात. स्ट्रीमलाइट कंपनीचा टीएलआर-१ एचएल हा १००० ल्युमेनचा आणि २०,००० कँडेलाचा. शुअरफायरचा एक्स-३०० अल्ट्रा तितक्याच ल्युमेनचा, पण कँडेला ११,३००. म्हणजे तोच उजेड जास्त पसरलेला. त्याच कंपनीच्या टर्बोमध्ये ल्युमेन ६५० वर येतात आणि कँडेला ६६,००० वर जातात. तो झोत लांबवर जातो, पण असतो निमुळता.

घरासाठी यातलं काय घ्यावं, याचं गणित सोपं आहे. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की त्या अंतरावर पडणारा उजेड लक्समध्ये मिळतो. भाऊजींच्या वरच्या मजल्यावरचा बोळ सुमारे सात मीटरचा. २०,००० ला ४९ ने भागलं की जवळजवळ ४०० लक्स येतात. ऑफिसात टेबलावर साधारण एवढाच उजेड असतो, आणि एवढ्यात चेहरा ओळखू येतो. टर्बोचा निमुळता झोत शेताच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचेल, पण घरात मला तो नको वाटतो. घरात समोरच्या माणसाचा चेहरा आणि त्याचे दोन्ही हात एकाच वेळी दिसायला हवेत. हातात काय आहे यावर सगळा निर्णय अवलंबून असतो, आणि हात छातीपासून लांब, कडेला असतात. तिथे कडेचा पसरलेला उजेडच कामाला येतो. आम्ही टीएलआर-१ एचएल घेतला. शुअरफायर उत्तमच आहे, पण किंमत जवळपास दुप्पट.

पिस्तुलावर चढवण्याआधी आम्ही नुसता दिवा हातात धरून रात्री घरभर फिरलो. घरात दिवा बसवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. पिस्तूल तिजोरीत कुलूपबंद. भाऊजी बेडरूमच्या दारात, मी बोळाच्या दुसऱ्या टोकाला, हातात कधी मोबाइल, कधी टीव्हीचा रिमोट, कधी काहीच नाही. त्यांनी दिवा लावायचा आणि मी काय धरलंय ते सांगायचं. झोत सरळ माझ्या अंगावर टाकला तेव्हा त्यांना बरोबर सांगता आलं, पण मला क्षणभर काही दिसेना, आणि माझ्या मागच्या आरशातून उलटलेला झोत त्यांच्याही डोळ्यांत गेला. पांढऱ्या भिंतींवरूनही बराच उजेड परत येत होता. मग त्यांनी झोत खाली, स्वतःच्या पावलांपुढे दीडेक मीटरवर फरशीवर टाकला. फरशीवरून उठलेल्या उजेडात सगळा बोळ भरला. माझा चेहरा दिसला, रिमोटही दिसला, कुणाचे डोळे दिपले नाहीत. छतावर टाकला तेव्हाही तेच झालं.

फरशीवरचा तो उजेड मला या सगळ्या कामातला कळीचा मुद्दा वाटतो. दिवा नळीखाली बसला की जिकडे झोत तिकडे नळी. कोण आहे ते बघायला झोत माणसाकडे वळवला, तर भरलेलं पिस्तूलही त्याच्याकडे वळलं. ॲरिझोनात १९७६ मध्ये गनसाइट ही नेमबाजीची शाळा काढणाऱ्या जेफ कूपर यांनी सुरक्षेचे जे चार नियम रूढ केले, त्यांत दोन याच ठिकाणी भिडतात. जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, हा एक. नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करायची, हा दुसरा. दिव्याशिवाय दुसरा नियम पाळता येत नाही, आणि दिवा चुकीचा वापरला की पहिला मोडतो. नळी खाली फरशीकडे ठेवून उठलेल्या उजेडात बघितलं की दोन्ही पाळले जातात.

मागे काय आहे, याचा विचार अमेरिकेतल्या घरात तर फारच गरजेचा. इथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे बोर्ड. नऊ मिलिमीटरची गोळी अशा एकामागून एक भिंती पार करते. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीची सवय असलेल्या माणसाला हे डोक्यात ठेवावं लागतं. बोळाच्या टोकाला भाच्याची खोली आहे, आणि त्याचा पलंग नेमका त्या भिंतीला लागून होता. त्याच आठवड्यात पलंग हलवला.

झोताबरोबर नळीही वळते, म्हणूनच हातात धरायचा वेगळा टॉर्चही आम्ही घेतला. कुत्रा का भुंकतोय, फ्यूज उडाला का, मागच्या दाराशी कसला आवाज झाला, हे बघायला टॉर्च. पिस्तुलावरच्या दिव्याने घरात काही शोधायचं नाही. ज्यांना दोन दिवे परवडत नाहीत त्यांनी आधी हातातला घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दिवा बसवायचं काम दिवसाढवळ्या, जेवणाच्या टेबलावर केलं. मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून अडकवली, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघितलं, मग करंगळी घालून चाचपलं, आणि तेच सगळं मी पुन्हा तपासलं. गोळ्यांचा डबा खालच्या मजल्यावर ठेवला होता. बसवताना बोटं नळीच्या तोंडाशी जातात, त्यामुळे इथे घाई नको. ग्लॉकच्या नळीखाली प्लॅस्टिकच्या चौकटीतच रेल कोरलेली असते आणि तिला आडवी एकच खाच असते. अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये ठरवलेल्या पिकॅटिनी रेलचं माप वेगळं. तिथे खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. म्हणून दिव्याबरोबर वेगवेगळ्या पिस्तुलांसाठी नखाएवढे अडणीचे तुकडे येतात. ग्लॉकसाठीचा तुकडा निवडून लावला की तो त्या एका खाचेत चपखल बसतो. चुकीचा लावला तर दिवा बसल्यासारखा वाटतो, पण पुढेमागे किंचित हलतो, आणि गोळी सुटली की तो हादरा स्क्रूवर येतो.

या दिव्याची एक गोष्ट मला आवडली. तो पुढून सरकवावा लागत नाही, बाजूने चढतो, म्हणजे तळहात नळीसमोर आणावा लागत नाही. स्क्रूच्या डोक्यावरची खाच नाणं बसेल एवढी रुंद असते. भाऊजींनी आधी बोटांनी घट्ट केला, मग पाव डॉलरच्या नाण्याने थोडा आणखी, आणि तिथेच थांबले. चौकट प्लॅस्टिकची आहे, जोर लावून फायदा नाही. शेवटी रंगाच्या पेनाने स्क्रूवर आणि दिव्याच्या अंगावर मिळून एक सरळ रेघ ओढली. स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते.

दिव्याचा खटका मागच्या बाजूला, चापाच्या कमानीच्या अगदी पुढे असतो. एकीकडे फिरवला की धरून ठेवेपर्यंतच जळतो, दुसरीकडे फिरवला की लागलेला राहतो. तो डाव्या हाताच्या अंगठ्यानेच चालवायचा, उजव्या हाताची तर्जनी स्लाइडच्या कडेला सरळ. हे हाताला मुरेपर्यंत भाऊजींनी रिकाम्या पिस्तुलावर सराव केला. २०१० मध्ये डॅलसजवळच्याच प्लेनो शहरात एका पोलिसाच्या गोळीने एक माणूस मेला. आपण पिस्तुलावरचा दिवा लावायला गेलो आणि चाप दाबला गेला, असं त्या पोलिसाचं म्हणणं होतं. प्रशिक्षित माणसाच्या हातून हे होऊ शकतं, तर झोपेतून दचकून उठलेल्या माणसाने जास्तच जपावं.

दिवा चढवल्यावर पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर नेऊन डबाभर गोळ्या झाडून बघणं आवश्यक आहे. पुढे सुमारे १२० ग्रॅम वजन वाढतं आणि त्याने काही पिस्तुलांची स्लाइड नीट फिरत नाही. भाऊजींच्या पिस्तुलाने कुरकुर केली नाही, रेघही जागेवर राहिली. पण दिव्याची काच काजळीने काळवंडली होती. नळीच्या तोंडातून निघणारी वाफ आणि जळकी पूड थेट तिच्यावर बसते. रेंजवरच्या एका आजोबांनी सांगितलं, पुढच्या वेळी आधी काचेवर ओठांना लावायचं बाम पातळ फासा, मग काजळी फडक्याने निघून येते. खरंच निघून आली.

दिव्यामुळे पिस्तूल जाड झालं आणि आधीची छोटी तिजोरी बंद होईना. ती तशीच उघडी ठेवणाऱ्यांची घरं मी बघितली आहेत, आणि त्याचा मला राग येतो. टेक्सासच्या कायद्याने १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी घरात पोर आहे. दुसरी, मोठी तिजोरी आणली.

ताईने मग स्वतःचे नियम घातले. आवाज आला की बेडरूमचं दार लावायचं, ९११ ला फोन करायचा, आणि दारातूनच मराठीत हाक मारायची, "कोण आहे?" घरातलं माणूस असेल तर मराठीत उत्तर येईल. खोलीबाहेर जायचं ते फक्त पोरगा बाहेर असेल तर. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हातोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घरी गेला. घरमालकाने त्याला "फ्रीझ" म्हणून ओरडून थांबायला सांगितलं. तो थांबला नाही आणि गोळी लागून मेला. त्याच्या हातात कॅमेरा होता. ताईला ही घटना माहीत होती. दिव्याचा झोत कितीही चांगला असला तरी बघायला आणि ऐकायला दोन क्षण द्यावे लागतात, आणि बंद दारामागे ते मिळतात, असं तिचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं.

शेवटी आम्ही बोळात आणि जिन्याच्या वळणावर माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारे छोटे दिवे बसवले, आणि समोरचा आरसा काढून दुसऱ्या भिंतीवर लावला. पिस्तुलावरच्या दिव्यात सीआर-१२३ए जातीचे तीन व्होल्टचे दोन लिथियम सेल लागतात. पूर्ण उजेडावर ते दीड तास चालतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढेमागे करतात, त्या रविवारी धुराच्या अलार्मबरोबर हेही सेल बदलायचे ठरलं आहे. जुने निघालेले सेल वाया जात नाहीत. हातातला टॉर्चही त्याच सेलवर चालतो, आणि तो भाच्याच्या उशाशी असतो.