आज्ञाधारक सोबती

घरांतील मुलगा संगणकापुढें बसून राक्षसांशीं लढत असतो आणि वडील मंडळी त्याला वेळेचा अपव्यय समजतात. पुष्कळदां तो तसा असतोहि. परंतु या खेळांचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत हाताच्या चपळाईपेक्षां आधीं केलेल्या विचाराला अधिक किंमत असते. येथें खेळणारा एकटा नसतो. त्याच्याबरोबर तीन, क्वचित् पांच सोबती चालतात. एक ढालाईत योद्धा, एक मांत्रिक, एक जखमा बऱ्या करणारी स्त्री, एक कुलपें उघडणारा चोर, असा तो मेळा असतो. लढाई ऐन रंगांत असतां एका वेळीं एकाचींच सूत्रें हातीं धरतां येतात. मग उरलेल्यांनीं काय करावें?

कॅनडांतील बायोवेअर कंपनीच्या १९९८ च्या 'बाल्डर्स गेट' या खेळांत सहा जणांची टोळी असे. लढाई क्षणभर थांबवून प्रत्येकाला हुकूम देण्याची सोय त्यांत होती, व न थांबवल्यास सोबती त्यांना नेमून दिलेल्या तयार वर्तनानुसार वागत. २००६ सालीं जपानच्या 'फायनल फँटसी बारा' या खेळानें तें वर्तन खेळणाऱ्याच्याच हातीं दिलें. प्रत्येक पात्रासाठीं जास्तींत जास्त बारा ओळींचा तक्ता, आणि त्यांतील अटी चक्क दुकानांतून विकत घ्यावयाच्या! २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्यें हीच कल्पना निराळ्या रूपानें आली.

तक्त्याची रीत सोपी आहे. प्रत्येक ओळींत एक अट व एक कृति असते. सोबती वरून खालीं वाचीत जातो. जी पहिली अट खरी ठरेल, तिची कृति तो करतो आणि खालच्या ओळींकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. कृति झाली कीं पुन्हां पहिल्या ओळीपासून वाचन सुरू.

भंडारा जिल्हा तलावांचा. एखाद्या जुन्या मालगुजारी तलावावर एक नवखा माणूस ठेवला आणि त्याला सांगितलें : 'पहिलें, बांधींत पाणी कमी दिसलें तर तुडूम उघड. दुसरें, पाळीला खांड पडूं लागली तर मातीनें बुजव.' हा माणूस अक्षरशः आज्ञाधारक असेल तर काय होईल? भर धानाच्या दिवसांत कोणत्या ना कोणत्या बांधींत पाणी कमी असणारच. तो तुडुमापाशींच राहील आणि पाळ फुटेल. दोन्ही सूचना योग्य होत्या. चुकला तो त्यांचा क्रम.

'ड्रॅगन एज'मध्यें विन नांवाची एक वयोवृद्ध मांत्रिक स्त्री आहे. जखमा भरणें हें तिचें मुख्य काम. तिच्या तक्त्यांत 'जवळच्या शत्रूवर हल्ला' ही ओळ सर्वांत वर घातली, तर लढाईत शत्रु सदैव असल्यामुळें ती अट सदैव खरी. मित्र एकामागून एक पडत राहतात आणि विन आपली काठी चालवीत राहते. खेळणारा यंत्राला मूर्ख म्हणतो. यंत्रानें मात्र सांगितलें तेंच केलेलें असतें. म्हणून तिचा क्रम असा हवा : स्वतःचें आयुर्बल चतुर्थांशाखालीं गेल्यास औषध घेणें, कोणाहि मित्राचें निम्म्याखालीं गेल्यास त्याला बरें करणें, मंत्रशक्ति संपत आल्यास ती भरणें, आणि सर्वांत शेवटीं हल्ला.

'निम्म्याखालीं' हा आंकडाहि विचारानें ठरवावा लागतो. थोडें खरचटतांच उपचार सुरू केले तर मंत्रशक्ति फुकट जाते, शिवाय एकदां वापरलेला मंत्र पुन्हां लागू होण्यास कांहीं काळ जावा लागतो. फार उशीर केला तर मंत्र पुरा होण्यापूर्वींच मित्र कोसळतो. साध्या चकमकींत निम्मा आंकडा बरा. मोठ्या दैत्यापुढें तो वर न्यावा.

अग्निगोल मात्र तक्त्यांत घालूंच नये. 'बाल्डर्स गेट'मध्यें तो आपपर न पाहतां जाळतो, आणि 'ड्रॅगन एज'च्या सर्वांत कठीण पातळीवरहि तीच गत. मित्र शत्रूंत मिसळला आहे कीं नाहीं, हें ध्यानांत घेऊन तो स्वतः फेकावा. आरंभीं ओळी थोड्या मिळतात, पुढें पात्राच्या प्रगतीबरोबर वाढतात. तेव्हां पहिल्या ओळी जीव वांचविण्याच्या कामीं लावाव्या, शोभेच्या मंत्रांवर खर्चूं नयेत.

२०१४ च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्यें हा सविस्तर तक्ता काढून टाकला गेला व सोबत्यांना कोणतें कौशल्य वापरावें, कोणतें टाळावें, अशा मोजक्या गोष्टी सांगण्याची मुभा राहिली. जुन्या खेळाडूंना तें रुचलें नाहीं, व त्यांचें म्हणणें रास्त होतें. बेल्जममधील लारियन कंपनीच्या २०२३ च्या 'बाल्डर्स गेट तीन'नें दुसरी वाट धरली. तेथें पाळीपाळीनें लढाई होते व चौघांचीहि प्रत्येक चाल खेळणाराच करतो. चूक झाली तर ती कोणाची, हा प्रश्न तेथें उरत नाहीं. पण एका चकमकीला अर्धा तास सहज लागतो, आणि जेवणाची हांक दोनदां मारावी लागते.