घरकुल मंजूर झाले; जागेचे काय?

घरकुलाच्या यादीत नाव आले की आमच्या वस्त्यांत आनंद होतो. मातीच्या भिंती जाणार, स्लॅबचे घर होणार! पण ग्रामपंचायतीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘नमुना आठ आणला का?’ आणि तिथेच घोडे अडते. ज्याच्या बापजाद्याच्या नावावर गावाने कधी वीतभर जागा लागू दिली नाही, त्याने उतारा आणायचा कुठून?

आष्टी तालुक्यातले तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. महामार्गावरच्या गावांत रस्त्यालगतच्या जागेला भाव येतो, हॉटेले होतात, प्लॉट पडतात. शेतमजुराला मात्र आबादीत दोन खोल्यांपुरती जागा मिळत नाही. घरकुलाचा प्रश्न पैशाचा आहे असे सरकार सांगते. आम्ही म्हणतो, तो आधी जागेचा आहे, आणि जागेची किल्ली ग्रामपंचायत व तहसील यांच्या हाती आहे.

योजनांची कमी कधीच नव्हती. १९८५ साली इंदिरा आवास आली. २००८ साली राज्याने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास काढली. २०१६ साली इंदिरा आवासची प्रधानमंत्री आवास झाली, मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. ही सारी रक्कम बांधकामाची. भूमिहीनाला जागा घेण्यासाठी राज्याने २०१५ साली वेगळी योजना आणली, ५०० चौरस फुटांसाठी तेव्हा ५० हजारांपर्यंत. महामार्गावरच्या गावात सरकारी मदतीत जागा देणारा दाता कोणी दाखवावा!

मग माणूस सरकारी जागेवर कुडाचे घर उभारतो. त्याला अतिक्रमणधारक म्हणतात. १ जानेवारी २०११ पूर्वीची अशी राहती घरे नियमित करण्याचा निर्णय शासनाने २०१८ साली घेतला, अनुसूचित जाती-जमातींना ५०० चौरस फुटांपर्यंत मोफत. निर्णय चांगला होता. पण वर्धा जिल्ह्यात आणखी एक भानगड आहे, झुडपी जंगलाची. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर ‘झुडपी जंगल’ लिहिलेली ८६ हजार हेक्टरांवर जमीन आहे. त्यातल्या अनेक तुकड्यांवर वस्त्या, शाळा, दफनभूमी उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ही जमीन वनच ठरवली. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या खंडपीठाने १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीने नियमित होण्याची वाट ठेवली आहे. पण ती वाट चालायला कागद लागतो. ते घर किती सालचे, जागा कुणी दिली, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरातूनच निघेल. दप्तर नीट ठेवले नसेल तर त्याची शिक्षा त्या घरात राहणाऱ्याने का भोगावी?

७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण गृहनिर्माण हा विषय अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे दिला. प्रत्यक्षात पंचायतीला यादी वाचायचे काम मिळाले, पैसा आणि जमीन वरच राहिली. बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला तो उगाच नाही. अस्पृश्यांना खास प्रतिनिधित्व नसलेली पंचायत म्हणजे गावातल्या बलवानांचाच कारभार, हे त्यांनी ओळखले होते. आज राखीव सरपंच आहे. पण पाहता पाहता ठराव दुसऱ्यांनी लिहायचा आणि सही त्याने करायची, असे गावोगाव चालते.

स्थानिक सत्तेने मनावर घेतले तर काय होते? व्हिएन्नाच्या नगरपालिकेने १९२३ पासून घरांवर चढता कर बसवला, महालवाल्यावर जास्त, खोलीवाल्यावर नाममात्र. १९३४ पर्यंत कामगारांसाठी ६० हजारांवर घरे बांधली. तळेगावची ग्रामपंचायत व्हिएन्ना नाही, हे आम्हालाही कळते. पण मुंबईत प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले, हेही विसरू नका. सार्वजनिक पैशाने बांधलेले घर म्हणजे भीक नव्हे.

आणखी एक गोष्ट खटकते. जागा दिलीच तर ती गावाच्या टोकाला, नाल्याकाठी, स्मशानाशेजारी दिली जाते. नाव ‘रमाई नगर’, आणि जागा जुन्या महारवाड्याचीच! घरकुल देताना गावकुसाबाहेरचा पत्ता पुन्हा छापून द्यायचा असेल तर त्याला आम्ही विकास म्हणणार नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्चावी असा नियम आहे. ती गटारावर आणि समाजमंदिराच्या रंगरंगोटीवरच का संपते? जागेची मोजणी, नोंद आणि रस्ता यांवर का नाही?

राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा २०२२ साली प्रशासकांच्या हाती गेल्या, तेव्हापासून विचारायचे तरी कुणाला, असा प्रश्न कार्यकर्ते करत. ग्रामसभेत विचारावे. तिथे जयंतीच्या वर्गणीइतक्याच उत्साहाने जावे. महिलांची सभा ग्रामसभेआधी घ्यावी लागते, तिथे आमच्या आयाबहिणींनी आधी बोलावे. आबादीची किती जागा रिकामी आहे, ती कुणाच्या ताब्यात आहे, गेल्या पाच वर्षांत जागेअभावी किती घरकुले परत गेली, आणि २०१८ च्या निर्णयाखाली किती अर्ज पंचायतीत पडून आहेत, ही चार उत्तरे लेखी मागावीत, आणि मागणी कार्यवृत्तात नोंदवल्याशिवाय उठू नये.