लंगडीने पायाची परीक्षा

वाशीमच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं-मुली मी पाहतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. वेळ सगळेच मोजतात, पाय मात्र कुणी तपासत नाही.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्यापाशी पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली.

अशा दुखापतीनंतर ठणका थांबला म्हणजे पाय बरा झाला, असं नसतं. दोन्ही पायांची तुलना करावी लागते. एक कसोटी आपल्या लंगडीसारखीच आहे. एका पायावर लांब उडी घ्यायची, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं आणि अंतर मोजायचं. चांगल्या पायाची उडी १५० सेंटिमीटर असेल, तर दुसऱ्याची निदान १३५, म्हणजे ९० टक्के भरावी, असा संकेत आहे. उतरताना गुडघा आत वळतो का, तेही पाहतात. दुसऱ्या कसोटीत एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे आणि मागे तिरका ताणायचा. तोल कुठवर टिकतो, ते कळतं.

खर्च म्हणाल तर मापाची टेप आणि खडूची रेघ. मात्र दुखरा गुडघा आधी डॉक्टरांना दाखवावा. त्यांनी होकार दिल्यावरच उडी.

कवितेचा एक चरण लंगडा पडला, तर वाचक फार तर पान उलटतो. भरतीच्या मैदानावर पाय लंगडा पडला, तर अख्ख्या घराची उमेद खचते.