बंदूक ठेवा, दोन वर्षं पगार घ्या

परक्या देशांनी दोन-तीन वर्षांपुरते पैसे द्यायचे आणि त्यातून युद्ध थांबून लोकशाही उभी राहायची, हे ऐकायला भाबडं वाटतं. पण मोझांबिकमध्ये ते खरोखर घडलं. कसं घडलं, ते पाहताना थक्क व्हायला होतं.

फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर सुमारे सोळा वर्षं लढत होते. या युद्धाने आणि त्यासोबतच्या उपासमारीने अंदाजे दहा लाख माणसं गिळली. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामोचे नेते आफोन्सो दलाकामा यांनी शांतता करारावर सह्या केल्या. पण त्याच सुमारास आफ्रिकेतल्याच अंगोलात काय झालं, ते सगळं जग पाहत होतं. तिथे दोन्ही सैन्यं पुरती मोडण्याआधीच निवडणूक झाली, हरलेल्या पक्षाने निकाल नाकारला आणि युद्ध पुन्हा पेटलं.

म्हणून मोझांबिकमध्ये संयुक्त राष्ट्रांनी क्रम बदलला: आधी सैनिक घरी, मग मतदान. त्यासाठी निवडणूक थेट १९९४पर्यंत पुढे गेली.

सैनिकाला घरी पाठवायचं कसं? शस्त्र जमा केलं की घरी जायला वाहन आणि दोन वर्षांचा पगार: पहिले सहा महिने सरकारकडून, पुढचे अठरा महिने परदेशी मदतीतून. खरी गंमत पैसे देण्याच्या पद्धतीत होती. सैनिकाने राहायला जो जिल्हा निवडला, तिथल्याच बँकेत त्याचे पैसे मिळत. म्हणजे पगार हवा तर गावाकडे राहायचं. दोन वर्षांत शेत उभं राहतं, लग्न होतं, जुन्या तुकडीशी नातं सैल होतं. नव्या संयुक्त सैन्यात ३० हजार जवान घ्यायचं ठरलं होतं. आले जेमतेम १२ हजार. उलट १९९४मध्ये छावण्यांत दंगे झाले ते ‘आम्हाला लवकर सोडा’ म्हणून!

दुसरी युक्ती त्याहून धाडसी. बंडखोरांना राजकीय पक्ष होता यावं म्हणून वेगळा निधी उभारला गेला आणि त्यात सर्वात मोठा वाटा इटलीने उचलला. कार्यालयं, वाहनं, प्रचार असा सगळा खर्च त्यातून झाला. ज्यांनी गावं जाळली त्यांना पैसे द्यायचे, हे पचायला जड जातं. पण हरल्यावरही हातात काहीतरी उरेल असा भरवसा असल्याशिवाय बंदूक खाली ठेवतो कोण?

मतदानाच्या तोंडावर दलाकामांनी बहिष्कार पुकारला, मग माघार घेतली. मतदान एक दिवस वाढवावं लागलं. सुमारे ८८ टक्के लोकांनी मत दिलं. २५० जागांपैकी फ्रेलिमोला १२९, रेनामोला ११२. दलाकामा हरले, तरी रेनामो जंगलात न जाता संसदेत बसली.

ही शांतता कायमची ठरली नाही. सगळी शस्त्रं जमा झालीच नव्हती. रेनामोने काही सशस्त्र माणसं राखून ठेवली आणि २०१३मध्ये पुन्हा चकमकी सुरू झाल्या. शेवटचा तळ बंद झाला तो २०२३मध्ये. म्हणून अशा मदतीकडून चमत्काराची अपेक्षा नको. ती वेळ विकत घेते, एवढंच. पण मोझांबिकच्या एका पिढीला त्या वेळात युद्धाविना वाढता आलं, आणि त्यापुढे तो सगळा खर्च स्वस्तच म्हणायला हवा.