अभावाचे शब्द आणि माणूस : महानगरातील निराधार वृद्ध

१. प्रास्ताविक

एखाद्या माणसाला आपण कोणत्या शब्दाने ओळखतो, यावर त्याच्याशी आपले वागणे बऱ्याच अंशी अवलंबून असते. हा विचार या घटकात आपण मुंबईतील निराधार वृद्धांच्या उदाहरणाने समजून घेणार आहोत. मुंबई महानगरपालिकेच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. याच शहरात २०११ च्या जनगणनेने सुमारे ५७ हजार बेघर माणसांची नोंद केली. पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, रेल्वेचे फलाट ही त्यांची वस्तीची ठिकाणे. त्यांच्यातील वृद्धांसाठी आपल्या भाषेत कोणते शब्द आहेत, ते प्रथम पाहू.

२. अभावदर्शक शब्द

बेघर, निराधार, निराश्रित, अनाथ. या शब्दांची घडण तपासा. ‘बे’ हा फारसी उपसर्ग आहे, तर ‘निर्’ आणि ‘अ’ हे संस्कृत. अर्थ मात्र एकच : अमुक गोष्ट नसलेला. माणसाजवळ काय नाही, एवढेच हे शब्द सांगतात. तो कोण होता, त्याने काय केले, हे सांगत नाहीत.

समजा, एका स्त्रीने चाळीस वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी केली. या कामाला निवृत्तिवेतन नाही. हात थकले, तेव्हा काम सुटले. काम सुटले, तेव्हा भाडे थकले. भाडे थकले, तेव्हा खोली गेली. थकणे, सुटणे, जाणे ही क्रियापदे तिची हकिकत सांगतात. ‘बेघर’ हे विशेषण त्या हकिकतीचा केवळ शेवट सांगते, आणि तो शेवटच तिचा स्वभाव असल्याचा भास निर्माण करते.

३. कायद्याची भाषा

१९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने भीक मागण्याची व्याख्या फार व्यापक केली. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक ठिकाणी वावरणे, हेही त्या व्याख्येत येते. म्हणजे हात पसरण्याची कृती नसली, तरी केवळ दिसण्यावरून माणूस दोषी ठरू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यातील क्रियारूपे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. आईवडिलांचा निर्वाह करणे हे अपत्यांचे बंधन आहे, असे हा कायदा सांगतो. गरीब वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान १५० जणांचे वृद्धाश्रम उभारण्याबाबत मात्र तो म्हणतो, की राज्य शासन तसे करू शकेल. एकीकडे कर्तव्य, तर दुसरीकडे शक्यता. ज्याला अपत्य नाही आणि मालमत्ताही नाही, त्याच्या वाट्याला केवळ ते ‘शकेल’ उरते.

महाराष्ट्रात ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधारांना मिळणाऱ्या साहाय्याच्या योजनेचे नावही आईवडिलांची कावड खांद्यावर वाहणाऱ्या श्रावणबाळाचे आहे. २०२३ पासून ही रक्कम दरमहा १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ५० रुपये आहे. ती मिळविण्यासाठी राज्यातील वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याला पत्ताच उरलेला नाही, त्याला नेमकी हीच अट जड जाते.

४. कीव, दया, कळवळा

हे तीन शब्द आपण अनेकदा समानार्थी मानतो. त्यांचा वापर पाहिला, की भेद स्पष्ट होतो. ‘तुझ्या बुद्धीची कीव येते’ या वाक्यात तुच्छता आहे. ‘दयेवर जगणे’ या प्रयोगात देणारा वर आणि घेणारा खाली आहे. ‘कळवळा’ मात्र ‘कळवळणे’ या क्रियापदाशी जोडलेला आहे. मूल पोटदुखीने कळवळते, आणि ते पाहून आईचा जीवही कळवळतो. स्वतःच्या व दुसऱ्याच्या वेदनेसाठी भाषेने येथे एकच क्रियापद वापरले आहे. वर-खाली असा भेद त्यात उरत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. करुण रसाचा स्थायिभाव शोक आहे. त्याचा आस्वाद वाचनाबरोबर पूर्ण होऊ शकतो. करुणा ही मनोवृत्ती तेवढ्यावर पूर्ण होत नाही, तिला कृती हवी असते. पदपथावरच्या वृद्धेची कथा वाचून डोळे पाणावले, तर रसास्वाद झाला. तिला निवाऱ्याची माहिती देणे, तिच्या अर्जासाठी तिच्यासोबत तहसील कार्यालयात जाणे, हे त्यापुढचे पाऊल आहे.

५. समारोप

शब्द बदलल्याने कोणालाही छप्पर मिळत नाही, हे उघड आहे. तथापि, ज्याची हकिकत आपल्याला ठाऊक आहे, त्याला ओलांडून पुढे जाणे कठीण होते. अभावदर्शक विशेषणाच्या मागे दडलेली क्रियापदे शोधणे, ही भाषेच्या अभ्यासकाला सहज करता येण्याजोगी पहिली कृती आहे.

स्वाध्याय

१. ‘बे’, ‘निर्’ आणि ‘अ’ हे उपसर्ग लागून झालेले, माणसासाठी वापरले जाणारे प्रत्येकी दोन शब्द लिहा व त्यांचा अर्थ स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या एकाकी वृद्ध व्यक्तीशी, तिच्या संमतीने, संवाद साधा. एकही अभावदर्शक विशेषण न वापरता तिच्याविषयी दहा ओळी लिहा.