मोटारसायकलचे एकेरी आसन व पाठीचा आधार

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवर एकेरी आसन बसवून त्यास स्वारासाठी पाठीचा आधार जोडण्याची प्रथा अमेरिकेत विशेष रूढ आहे. आसन एकदा पसंत केले म्हणजे आधार मागाहून कोणताही जोडता येतो, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः आसन, आधार व स्वाराची बसण्याची ढब या तिहींचा विचार एकत्रच करावा लागतो.

प्रथम ढबीचा विचार करू. पाय पुढे पसरले असता मांडीच्या मागील स्नायू ताणले जातात, कटिभाग मागे कलतो आणि कमरेचा स्वाभाविक बाक सपाट होतो. बसण्याची ढब व हा बाक यांचा संबंध जे. जे. कीगन या अमेरिकन शल्यवैद्याने १९५३ साली क्ष-किरणचित्रांच्या साहाय्याने स्पष्ट केला. ज्या गाडीचे फूटरेस्ट पुढे असतात, तिच्यावर कमरेच्या आधाराचे महत्त्व यावरून ध्यानी येईल. याउलट, जेथे स्वार हँडलाकडे ओणवून बसतो, तेथे पाठ आधाराला टेकतच नाही. अशा गाडीवर तो निरर्थक होय.

आधार फार पुढे आला तर स्वार टाकीकडे लोटला जातो; फार मागे राहिला तर टेकण्याच्या प्रयत्नात हात ताणले जातात व हँडलावरील ताबा उणावतो. म्हणून आधार मागेपुढे व खालीवर सरकविता येणारा असावा. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळविले असतानाही पाठ टेकलेली व कोपरे किंचित वाकलेली राहिली, तर अंतर योग्य समजावे.

यानंतर बळकटीचा प्रश्न येतो. समजा, आसनाच्या तळपत्र्यापासून ३० सेंटिमीटर उंचीवर पाठीचा रेटा २० किलोग्रॅम आहे. बुडाशी त्याचे आघूर्ण ६०० किलोग्रॅम-सेंटिमीटर होते. पुढील व मागील बोल्टांत १० सेंटिमीटर अंतर असल्यास प्रत्येक बाजूस ६० किलोग्रॅम, म्हणजे मूळ रेट्याच्या तिप्पट, ओढ बसते. आधारासाठी मुळातच न घडविलेला तळपत्रा ही ओढ फार काळ सोसू शकत नाही. अशा वेळी आधार सांगाड्यावर बसवावा, किंवा आसनच बदलावे.

मात्र स्प्रिंगांवर हलणाऱ्या आसनास सांगाड्यावरील आधार जुळत नाही. आसन खालीवर होते, आधार स्थिर राहतो आणि पाठ घासली जाते. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांस मागील सस्पेन्शन १९५८ साली ड्युओ-ग्लाइडमध्ये लाभले. तत्पूर्वी स्प्रिंगयुक्त आसनदांडाच स्वाराचे धक्के सोशीत असे. अशा आसनाचा आधार आसनाबरोबरच हलला पाहिजे.

शेवटी, गाडीचे नाव तेच राहिले तरी आसनाची बैठक तीच राहील असे नाही. याच कंपनीने २००९ साली आपल्या टूरिंग गाड्यांचा सांगाडा नव्याने घडविला. म्हणून आसन व आधार दोन्ही नेमक्या कोणत्या वर्षांच्या गाडीसाठी आहेत, हे ताडून पाहणे आवश्यक ठरते.

सारांश, आधी ढब, मग आसन व त्याचा तळपत्रा, आणि अखेरीस त्यास अनुरूप आधार, हाच निवडीचा क्रम युक्त होय. बाह्य शोभेवरून आरंभ केल्यास हा क्रम उलटतो आणि त्याची किंमत स्वाराच्या कण्यास मोजावी लागते.